शेऱ्याचा रकाना

३१ वर्षं मी कोल्हापुरातल्या एका शाळेत गणित शिकवलं आणि दर एप्रिलात निकालपत्रकं भरली. मोठा आडवा कागद. डावीकडे मुलांची नावं, मग विषयवार गुण, बेरीज, टक्के, क्रमांक आणि अगदी उजव्या कडेला बोटभर रुंदीचा शेऱ्याचा रकाना. त्या बोटभर जागेत ‘वडील वारले’ किंवा ‘टायफॉइड, सहामाहीस गैरहजर’ असं काहीबाही बारीक अक्षरात बसवावं लागायचं. मुख्याध्यापक बेरीज तपासायचे. मी मात्र जुनी पत्रकं काढली की आधी शेरे वाचायची.

निवृत्तीनंतर लेकीकडे सटनला सहा महिने राहायला गेले. सटन म्हणजे लंडनच्या दक्षिण टोकाचा भाग. कागदोपत्री १९६५ पासून लंडनमध्ये, पण जुनी माणसं अजून सरे परगण्याचंच नाव सांगतात. नातवाला शाळेतून ‘आपला परिसर’ असा काहीतरी प्रकल्प दिला होता आणि त्याने निवडला होता तिथला फुटबॉल क्लब, सटन युनायटेड. एका संध्याकाळी तो क्लबचा हंगामवार तक्ता घेऊन आला. “आज्जी, यातलं मला काहीच कळत नाही. तू गणिताची टीचर होतीस ना?”

होते. आणि शिवाजी पेठेत वाढलेलीही होते. दोन्ही भाऊ तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळायचे. पाटाकडील आणि दिलबहार या तालमी समोरासमोर आल्या की घरात दोन दिवस चूल आणि फुटबॉल एवढेच विषय असायचे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मी पुष्कळ सामने पाहिले आहेत. त्यामुळे खेळ नवा नव्हता आणि तक्ताही नवा नव्हता. नवीन होती ती शिडी.

शिडीपासूनच सांगते, कारण तिच्यावाचून हा तक्ता म्हणजे नुसते आकडे. इंग्लंडात वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब खेळतात. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २०, त्याखाली तीन विभागांत २४-२४. या ९२ च्या खाली जो कोणी आहे तो ‘नॉन-लीग’. नाव फसवं आहे. ही मंडळीही लीगमध्येच खेळतात, फक्त ती ‘ती’ लीग नव्हे. १८८८ मध्ये जी फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्या उंबऱ्याबाहेरचे सगळे नॉन-लीग. पाचवी पायरी देशभरातल्या २४ क्लबांची. सहावीचे दोन भाग, उत्तर आणि दक्षिण. सातवीचे चार. असं करत करत शिडी खाली इतकी रुंदावते, की तळाला गावच्या मैदानावर खेळणारी पोरं भेटतात.

दर हंगामाच्या शेवटी वरचे वर चढतात, खालचे खाली घसरतात. शाळेत नापास झालेलं मूल त्याच वर्गात बसतं. इथे नापास झालेला क्लब खालच्या वर्गात जातो. आमच्या वेळी असा नियम असता तर पालकांनी शाळा पेटवली असती.

पण पाचव्या पायरीवरून चौथीवर जाण्याचा सरळ रस्ता १९८७ पर्यंत नव्हताच. त्याआधी काय व्हायचं? लीगमधल्या तळाच्या चार क्लबांनी पुन्हा निवडून येण्यासाठी अर्ज करायचा, बाहेरच्या इच्छुकांनीही करायचा, आणि मत द्यायचं ते लीगमधल्याच क्लबांनी. निकाल काय लागत असेल हे कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी संस्थांच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. बहुतेक वेळा आतले आतच राहायचे. शेजारच्या विम्बल्डन क्लबला १९७७ मध्ये या दारातून आत जाता आलं, पण तो अपवाद.

आता सटन. क्लबची स्थापना १८९८ ची, दोन स्थानिक क्लब एकत्र येऊन. १९१९ पासून मैदान एकच, गँडर ग्रीन लेन. वेस्ट सटन स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच. पोशाखाचा रंग चॉकलेटी आणि पिवळसर केशरी, इंग्रज त्याला अंबर म्हणतात. माझ्या लेकीला तो गवती चहात घातलेल्या गुळासारखा दिसतो.

मी आलेखाच्या वहीचं पान आडवं करून तक्ता मराठीत उतरवायला घेतला. हंगाम, लीग, खेळले, जिंकले, बरोबरी, हरले, केलेले गोल, खाल्लेले गोल, गुण, क्रमांक. सवयीने उजवीकडे शेऱ्याचा रकानाही आखला. पहिली साठ-पासष्ट वर्षं भरभर गेली. पहिल्या महायुद्धाची रिकामी जागा, दुसऱ्याची रिकामी जागा, आणि अथेनियन लीगची तीन विजेतेपदं : १९२७-२८, १९४५-४६, १९५७-५८. १९६३ मध्ये क्लब इस्थमियन लीगमध्ये गेला. ही ग्रीक नावं म्हणजे हौशी खेळाची पाटी होती. इस्थमियन लीगचं लॅटिन ब्रीद होतं, मान पुरेसा आहे. आणि ते नुसतं बोलायचं नव्हतं. लीग जिंकणाऱ्याला पूर्वी चषक नाही, पदक नाही, काही नाही. गंमत म्हणजे याच हौशी जगात सामना संपल्यावर खेळाडूच्या बुटात नोटा सापडायच्या. ‘बुटातले पैसे’ हा तिथला रूढ शब्दच आहे. अखेर १९७४ मध्ये इंग्लिश फुटबॉल संघटनेने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला आणि सोंग संपलं.

इथवर आले आणि गणितात अडकले. नातू म्हणाला, “आज्जी, आपण सगळ्या वर्षांचे गुण लिहू आणि सर्वांत चांगलं वर्ष शोधू.” मी म्हटलं, थांब. आधी विजयाला दोन गुण मिळायचे, नंतर तीन मिळायला लागले. मोठ्या फुटबॉल लीगने हा बदल १९८१ मध्ये केला, इस्थमियनने मात्र त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकातच. म्हणजे १९६७ चे गुण आणि १९८६ चे गुण शेजारी मांडणं हे शंभरपैकी आणि दीडशेपैकी गुणांची तुलना करण्यासारखं. वर सामन्यांची संख्याही दरवर्षी वेगळी.

लीगच्या नावांचा घोळ तर विचारू नका. पाचव्या पायरीची लीग १९७९ मध्ये सुरू झाली. तीच पुढे बुटांच्या कंपनीच्या नावाने, मग मोटारीच्या कंपनीच्या नावाने, आता नॅशनल लीग म्हणून. इस्थमियन लीग बरीच वर्षं वह्या-पेनं विकणाऱ्या दुकानांच्या नावाने चालली, ते मला विशेष आवडलं. तक्ता वाचणाऱ्याला वाटावं, क्लब दर चार वर्षांनी घर बदलतोय. प्रत्यक्षात घर तेच, दारावरची पाटी बदलते. त्याहून अवघड म्हणजे २००४ मध्ये मध्येच एक नवी पायरी घातली गेली. इस्थमियनचा वरचा विभाग तोवर सहावी पायरी होता, तो एका रात्रीत सातवी झाला. जो क्लब तिथेच राहिला तो न हरता एक पायरी खाली गेला. सटन नव्या दक्षिण विभागात गेलं, म्हणून सहावीवरच राहिलं.

माझ्या वहीत सटनचे चढ-उतार असे उतरले : १९६७ ला इस्थमियन विजेते, १९८५ ला पुन्हा, १९८६ ला पुन्हा. १९८५ ला विजेते होऊनही वर गेले नाहीत, १९८६ ला गेले. १९९१ ला खाली. १९९९ ला विजेते होऊन वर, २००० मध्ये तळाला राहून लगेच खाली. २००८ ला आणखी एक पायरी खाली. २०११ ला वर, २०१६ ला वर. आलेख काढला तर पन्हाळ्याच्या घाटासारखी रेघ येते. नातवाला ती फार आवडली.

पण वहीकडे बघता बघता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या दोन वर्षांसाठी हा क्लब साऱ्या इंग्लंडात ओळखला जातो, त्या दोन वर्षांच्या ओळींत काहीच नाही. १९८८-८९ : गुणतक्त्याच्या मधोमध. २०१६-१७ : २४ क्लबांत १२ वा. मुख्याध्यापकांनी अशा ओळीवरून नजर फिरवून पान उलटलं असतं.

सगळं शेऱ्यात आहे.

शेरा समजायला एफ. ए. कप समजला पाहिजे. १८७१ पासूनची ही बाद फेरीची स्पर्धा. लहानमोठे सगळे क्लब एकाच टोपलीत. छोटे ऑगस्टपासून पात्रता फेऱ्या खेळत वर येतात आणि जानेवारीत तिसऱ्या फेरीत बडे उतरतात. क्रमांक लिहिलेले चेंडू उचलून जोड्या ठरतात, घर कोणाचं तेही त्यातच ठरतं. आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात जोड वजन बघून लावतात. इथे वजनकाटाच नाही.

७ जानेवारी १९८९. गँडर ग्रीन लेनवर कव्हेंट्री सिटी आले. सर्वांत वरच्या विभागातला संघ, आणि दीड वर्षापूर्वीच, १९८७ मध्ये, हाच कप जिंकलेला. समोर पाचव्या पायरीवरचं सटन, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव करणाऱ्यांचं. मध्यंतराच्या जरा आधी कॉर्नरवरून कर्णधार टोनी रेन्सने डोक्याने गोल केला. मध्यंतरानंतर डेव्हिड फिलिप्सने कव्हेंट्रीची बरोबरी साधली. मग पुन्हा एक कॉर्नर, आणि दूरच्या खांबापाशी मॅथ्यू हॅनलन मोकळा. २-१. हॅनलन व्यवसायाने गवंडी होता. शनिवारी कव्हेंट्रीला घरी पाठवलं म्हणून सोमवारच्या विटा काही कमी झाल्या नसणार.

आणि संघाचा व्यवस्थापक? बॅरी विल्यम्स, पाइप ओढणारा, एकेकाळचा इंग्रजीचा शिक्षक. सामन्याच्या पुस्तिकेत तो किपलिंगपासून मध्ययुगातल्या बीड नावाच्या साधूपर्यंत कोणाचेही दाखले द्यायचा. हे वाचून मला वर्गातला एखादा जुना सहकारी भेटल्यासारखं झालं. आमच्या शाळेतही एक मराठीचे सर होते, कबड्डीच्या पोरांना चढाईला पाठवताना मोरोपंतांची आर्या म्हणायचे. पोरं हरून यायची, पण आर्या पाठ व्हायची.

तीन आठवड्यांनी चौथ्या फेरीत नॉर्विच सिटीने सटनचा ८-० असा धुव्वा उडवला. ही बाजूही शेऱ्यात लिहिली पाहिजे. चांगल्या दिवसाचं खातं निसर्ग कधी नुसतं जमेचं ठेवत नाही. पण त्यानंतर सर्वांत वरच्या विभागातल्या संघाला कपमधून बाहेर काढणं कुठल्याही नॉन-लीग क्लबला जमलं नाही ते २०१३ पर्यंत. त्या वर्षी लुटन टाउनने ते केलं. समोर कोण? नॉर्विच. २४ वर्षं सटनचा तो शनिवार एकटाच उभा होता.

दुसरा शेरा २०१७ चा. तिसऱ्या फेरीत ए. एफ. सी. विम्बल्डन, म्हणजे मूळ विम्बल्डन क्लब मालकांनी मिल्टन कीन्सला हलवायचं ठरवल्यावर चिडलेल्या पाठीराख्यांनी २००२ मध्ये नव्याने उभा केलेला शेजारी. पहिला सामना बरोबरीत, दुसरा सटनने त्यांच्याच मैदानावर ३-१ जिंकला. चौथ्या फेरीत लीड्स युनायटेड. माझ्या वहीत १९७० च्या ओळीसमोर आधीच लिहिलेलं होतं : ‘लीड्सकडून ०-६’. तेव्हा लीड्स इंग्लंडचे विजेते होते, आणि १४,००० माणसं या छोट्याशा मैदानात कोंबली गेली होती. तो इथल्या गर्दीचा विक्रम. ४७ वर्षांनी तोच पाहुणा, तेच अंगण. जेमी कॉलिन्सची पेनल्टी, १-०. दोन ओळींत नसलेलं नातं शेऱ्याच्या रकान्यात असं सापडतं.

पाचव्या फेरीत आर्सेनल आले आणि २-० जिंकून गेले. त्या सामन्याची जगभर चर्चा झाली ती गोलांमुळे नव्हे. सटनचा धिप्पाड राखीव गोलकीपर सामना चालू असताना बाकावर बसून पाय खाताना कॅमेऱ्यात सापडला. इथे पाय म्हणजे मांसाचं सारण भरलेली खमंग करंजी, वाचकांनी भलतं समजू नये. तो असं करणार यावर एका सट्टा कंपनीने आधीच भाव काढला होता. दुसऱ्या दिवशी त्याला क्लब सोडावा लागला, पुढे संघटनेकडून दंडही झाला. मला वाईट वाटलं. शंभर वर्षांहून जुन्या क्लबचं नाव जगाला कळलं ते एका करंजीवरून. त्याच हंगामात सटनच्याच लीगमधलं लिंकन सिटी कपमध्ये याहूनही पुढे गेलं आणि लीगचं विजेतेपदही घेऊन बसलं. त्यांची ओळ दोन्हीकडून भरलेली. सटनची क्रमांकात १२ वी.

आता उलट उदाहरण. २०२०-२१. या ओळीत सगळं क्रमांकाच्या रकान्यात आहे : पहिला. व्यवस्थापक मॅट ग्रे. सामने ४२, गुण ८४. प्रत्येक सामन्याला बरोबर दोन. गणिताच्या बाईला याहून सुबक भागाकार मिळत नाही. ४६ ऐवजी ४२ का, तर मॅक्लेसफील्ड क्लब बंद पडला आणि डोव्हरचे निकाल पुसले गेले, करोनाचं वर्ष. बहुतेक हंगाम रिकाम्या मैदानावर खेळला गेला. १२३ वर्षांत क्लब प्रथमच ९२ मध्ये गेला, आणि वाटेवरचे बहुतेक विजय टाळ्यांशिवाय गेले.

वर जाण्याची किंमतही लगेच भरावी लागली. सटनने २०१५ मध्ये मैदानावर प्लास्टिकचं गवत बसवलं होतं. श्रीमंत क्लबाला त्यात हौस वाटेल, पण गरीब क्लबाला ती शेतजमीन असते. खरं गवत आठवड्याला एक-दोन सामने सोसतं. प्लास्टिकवर सकाळपासून रात्रीपर्यंत शाळा, मुलींचे संघ, पन्नाशीचे हौशी असे सगळे खेळतात, भाडं येतं, पावसाने सामना रद्द होत नाही. वरच्या लीगचा नियम मात्र स्पष्ट : खरं गवतच पाहिजे. म्हणून विजेतेपदाच्या उन्हाळ्यात क्लबने आपलं चालू उत्पन्न स्वतःच्या हाताने उपटून काढलं आणि माती पसरून बी पेरलं. वरच्या इयत्तेत गेलं म्हणून गणवेश बदलायला लावणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. हे त्यातलंच, फक्त महाग.

पहिल्या वर्षी ८ वा क्रमांक, बढतीच्या बाद फेरीपासून एका गुणाने दूर. त्याच वर्षी एप्रिल २०२२ मध्ये लीगच्या चषकाचा अंतिम सामना वेम्बलीवर, रॉदरहॅमविरुद्ध. नव्वद मिनिटं संपली तेव्हा सटन २-१ पुढे होतं. भरपाईच्या वेळेत बरोबरी झाली, आणि वाढीव अर्ध्या तासात २-४. मी शेरे चाळून पाहिले. १९६३, हौशी चषकाचा अंतिम सामना, विम्बल्डनकडून २-४, त्यांच्या एडी रेनल्ड्सने चारही गोल डोक्याने केलेले. १९६९, नॉर्थ शील्ड्सकडून १-२. १९८१, दुसऱ्या एका चषकात, बिशप्स स्टॉर्टफर्डकडून ०-१. वेम्बलीचे अंतिम सामने चार, हार चार. एखाद्या मुलाने चार वेळा स्कॉलरशिपला बसावं आणि चारही वेळा थोडक्यात चुकावं तसं.

मग १४ वा, आणि २०२३-२४ ला २३ वा. गुण ४२. तीन वर्षांपूर्वीचे बरोबर निम्मे. शेवटच्या दिवशी सामना मिल्टन कीन्सला, म्हणजे त्या हलवलेल्या विम्बल्डनच्याच वारसाशी, ४-४. चार गोल करूनही खालचा वर्ग.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका शनिवारी जावई म्हणाले, “आई, वहीत किती दिवस बघणार? चला, प्रत्यक्ष बघा.” गेलो. नव्याने पेरलेलं गवत मध्ये मध्ये चिखलाने काळं झालेलं. गोलमागच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की गोलकीपरचा खोकलासुद्धा ऐकू येतो. शिव्याही येतात, पण त्या कळायला मला वेळ लागला, आणि पेठेतल्यांच्या मानाने त्या फारच साध्या निघाल्या. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ खिशातल्या डायरीत बदली खेळाडूंची मिनिटं टिपत होते. मी डोकावले तेव्हा त्यांनी डायरी जरा माझ्याकडे वळवली. बोललो नाही फारसं. रकाने त्यांनीही आखले होते आणि उजवीकडची जागा मोकळी होती.

नातवाच्या प्रकल्पात अखेर आम्ही आलेख लावला, घाटासारखा. शेऱ्यांची वही मी परत घेऊन आले. ती आता कपाटात जुन्या निकालपत्रकांशेजारी आहे, आणि तिच्यात मागून वीस-पंचवीस पानं कोरी आहेत. खंडोबा, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमींचा असा सलग हंगामवार तक्ता माझ्या पाहण्यात नाही. माझ्या भावांच्या पिढीतले खेळाडू आता सत्तरीपुढे आहेत. कुणाकडे जुनी कात्रणं असतील, सामन्यांची हस्तपत्रकं असतील, नुसती आठवण असेल, तर एक वही घ्या आणि वर्ष, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, निकाल एवढे रकाने आखून भरायला लागा. उजवीकडे बोटभर जागा मात्र सोडा.